मक्यासाठी जमीन ‘योग्य’ आहे, म्हणजे नेमके काय?

मक्याखालचे क्षेत्र वाढवण्याची चर्चा सुरू झाली, की तिच्या पाठोपाठ नकाशे येतात. पशुखाद्य, स्टार्च आणि इंधनात मिसळायचे इथेनॉल अशा तिन्ही बाजूंनी या धान्याला मागणी आहे, त्यामुळे आणखी मका कोठे पिकू शकेल याचा शोध अनेक देशांत चालू आहे. त्या शोधातून तयार होणाऱ्या नकाशांवर जमिनी हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांत वाटलेल्या दिसतात; कोठे ‘एस१’ लिहिलेले असते, कोठे ‘एन२’, तर कोठे शंभरपैकी ६८ असा परीक्षेच्या गुणांसारखा आकडा. ज्याच्या शेतावर तांबडा रंग पडला, त्याला साहजिकच वाटते की आपली जमीन नापास झाली. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यावर उभे राहिलेले निर्णयही पुष्कळदा चुकतात. हा आकडा कसा तयार होतो, त्यात काय धरलेले असते आणि काय सोडलेले असते, हे कळले तर तो फार उपयोगी पडतो. न समजता तो स्वीकारला किंवा न समजता झिडकारला, तर दोन्हीकडून नुकसानच होते.

प्रश्न जमिनीचा नाही, जोडीचा आहे

एखादी चावी चांगली आहे की वाईट, असे आपण विचारत नाही. ती कोणत्या कुलपाची आहे, असे विचारतो. जमिनीचेही तसेच आहे. पाणी धरून ठेवणारी, खाचरात चिखल होणारी चिकण जमीन भातासाठी उत्तम असते, पण त्याच जमिनीत मक्याची मुळे गुदमरतात. चहाच्या झुडपाला आम्ल जमीन मानवते. तितक्याच आम्ल जमिनीत मक्याच्या मुळांची टोके खुंटतात. म्हणून ‘ही जमीन कशी आहे?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या पिकासाठी, कोणत्या पद्धतीने केलेल्या शेतीसाठी आणि किती काळ?’ हे तीन तुकडे जोडल्याखेरीज त्याला उत्तर देता येत नाही.

या विचाराला व्यवस्थित रूप दिले ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्याने. आज जगभर वापरले जाणारे एस (योग्य) आणि एन (अयोग्य) हे वर्ग तेथून आले आहेत; एस१ म्हणजे योग्य जमिनींतला पहिला, सर्वांत चांगला वर्ग आणि एस३ म्हणजे तिसरा. त्या आराखड्यात ‘माती’ आणि ‘जमीन’ या दोन शब्दांत कटाक्षाने फरक केला आहे, आणि तो आपणही पाळलेला बरा. माती म्हणजे पायाखालचा पदार्थ. जमीन म्हणजे ती माती, तिचा उतार, तिच्यावरचे पाऊसमान व तापमान, तिच्याखालची भूजलाची पातळी आणि पुराचा धोका, हे सगळे मिळून. मक्याची योग्यता जमिनीची ठरवतात. माती हा तिचा सर्वांत मोठा, पण एकमेव नव्हे असा भाग.

अर्थात जमिनींना प्रत लावण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. आधुनिक मृदाविज्ञानाचे जनक मानले जाणारे रशियन शास्त्रज्ञ वसिली दोकुचायेव यांनी १८८२ पासून निज्नी नोव्हगोरोद प्रांतातील जमिनींची पाहणी केली, ती मुळात शेतसारा न्याय्य रीतीने आकारता यावा यासाठीच. जमिनीला गुण देण्यामागे विज्ञानाइतकाच पैशाचा व्यवहारही उभा असतो, हे ध्यानात ठेवावे; पुढे आयोवाच्या उदाहरणात ते पुन्हा दिसेल.

वाफसा: मक्याची पहिली मागणी

मका हे मूळचे उबदार प्रदेशातले पीक. दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी तिओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने ते घडवले, असे आजवरचे पुरावे सांगतात. तेव्हापासून ते पीक कितीतरी वेगळ्या हवामानांत जाऊन पोचले. पण त्याच्या मुळांच्या गरजा मात्र फारशा बदललेल्या नाहीत.

त्यांतली पहिली गरज म्हणजे ओल आणि हवा, दोन्ही एकाच वेळी. या स्थितीला मराठीत ‘वाफसा’ हा इतका नेमका शब्द आहे, की वेगळी व्याख्या करण्याची गरजच पडत नाही: मातीच्या कणांना ओल चिकटलेली आहे, पण मोठ्या पोकळ्यांतून पाणी निघून गेले असून तेथे हवा खेळते आहे. पावसानंतर जमीन किती लवकर वाफशावर येते, म्हणजे तिचा निचरा कसा आहे, हे मक्याच्या बाबतीत अत्यंत महत्त्वाचे आहे. साधारण सहा पाने पूर्ण उलगडेपर्यंत मक्याच्या रोपाचा वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीखालीच असतो. त्या काळात शेतात पाणी तुंबून राहिले, तर रोप दोन ते चार दिवसांत मरू शकते, आणि हवा जितकी उष्ण तितके ते लवकर मरते. जे जगते त्याचेही नुकसान होतेच, कारण हवा कोंडलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरतात आणि आपण घातलेले नत्र वायुरूपाने उडून जाते.

पाऊस पडत असतानाच हे पाहावे लागते असे नाही. वर्षानुवर्षे पाणी तुंबणारी माती आपल्या अंगावर त्याची नोंद ठेवते. हवेशीर मातीतले लोह गंजल्यासारखे तांबूस किंवा तपकिरी राहते. सतत पाण्याखाली राहणाऱ्या थरात ते विरघळते आणि माती करडी पडते. खड्डा खणल्यावर करड्या पार्श्वभूमीवर तांबूस ठिपके दिसले, तर पाण्याची पातळी तेथपर्यंत चढते आणि पुन्हा उतरते, असा त्याचा अर्थ असतो. हे ठिपके जितके वर, तितकी मक्यासाठी जमिनीची प्रत खाली.

खोली आणि पोत: टाकी किती मोठी?

मुळांसाठी माती ही पाण्याची टाकी आहे. टाकीची उंची म्हणजे मातीची खोली, आणि त्या टाकीतले पाणी किती वापरता येईल हे ठरते पोतावरून, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकण यांच्या प्रमाणावरून. पिकाला घेता येईल असे पाणी वाळूसर मातीच्या एक मीटर थरात सुमारे ६० मिलिमीटर, पोयट्याच्या मातीत सुमारे १४० मिलिमीटर आणि चिकण मातीत सुमारे २०० मिलिमीटर मावते. त्यातलेही जवळपास अर्धेच पाणी मका सहज ओढतो. उरलेल्यासाठी त्याला झगडावे लागते.

आता हिशेब करून पाहू. भर फुलोऱ्यात, कोरड्या हवेत मका दिवसाला सुमारे ७ मिलिमीटर पाणी वापरतो असे धरू. एक मीटर खोल पोयट्याच्या जमिनीत सहज मिळणारे पाणी ७० मिलिमीटर, म्हणजे पाऊस थांबल्यावर दहा दिवसांची सोय. तोच पोयटा खडकावर फक्त ४० सेंटीमीटर असेल, तर सहज मिळणारे पाणी २८ मिलिमीटर, म्हणजे चार दिवसांची. आणि मीटरभर खोल पण वाळूसर जमीन घेतली, तर ३० मिलिमीटर, म्हणजे तीही चारच दिवसांची. एक जमीन उथळ, दुसरी खोल. दिसायला काहीच साम्य नाही, पण मक्याच्या दृष्टीने दोघींची अडचण जवळपास एकच. योग्यता ठरवताना मातीचे गुण सुटे सुटे न पाहता ते मिळून पिकाला काय देतात हे का पाहावे लागते, ते यावरून कळते.

चार दिवस आणि दहा दिवस यांतला फरक फुलोऱ्यातच इतका का बोचतो, याचे कारण कणसाच्या रचनेत आहे. कणसाच्या टोकाला लोंबणाऱ्या केसांतला प्रत्येक धागा एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. तुऱ्यातला पराग त्या धाग्यावर पडून आत पोचला, तरच तो दाणा धरतो. या दिवसांत पाण्याचा ताण पडला, तर केस उशिरा बाहेर येतात किंवा सुकतात, आणि तोवर पराग गळून गेलेला असतो. नंतर कितीही पाणी दिले, तरी न धरलेला दाणा परत येत नाही. संपूर्ण हंगामात मध्यम कालावधीच्या मक्याला धान्यासाठी ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागते हे खरे, पण एकूण बेरीज जुळली म्हणून पीक जुळतेच असे नाही.

मुळांची वाट कठीण थराने अडवली, तर खोल जमीनही उथळ होते. मोकळ्या मातीत मक्याची मुळे दीड मीटरच्या खाली जाऊ शकतात, आणि बहुतांश पाणी ती वरच्या ८० सेंटीमीटर ते एक मीटर थरातून घेतात. नांगरटीखाली वर्षानुवर्षे दाबून घट्ट झालेला थर २५ सेंटीमीटरवर असेल, तर खालच्या पाऊण मीटर चांगल्या मातीचा मक्याला जवळपास उपयोगच नाही. म्हणून मूल्यमापनात ‘मातीची खोली’ याचा अर्थ खडकापर्यंतचे अंतर असा नसून मुळांना प्रत्यक्ष वापरता येणारी खोली असा असतो.

क्षार, सामू आणि चुनखडी

क्षारांच्या बाबतीत मका नाजूक आहे. मातीतील विद्राव्य क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात आणि त्याचे एकक डेसिसायमन प्रति मीटर असे आहे. हे मूल्य १.७ पर्यंत असेल, तोवर मक्याचे उत्पादन क्षारांमुळे घटत नाही. त्यापुढे दर एका एककाला सुमारे १२ टक्के घट येते. २.५ ला दहावा हिस्सा जातो, ३.८ ला पाव, आणि ५.९ ला निम्मे पीक. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. हे आकडे मातीची संपृक्त लापशी करून तिच्यातून काढलेल्या द्रावणाचे आहेत, आणि अनेक प्रयोगशाळा मात्र मातीत दुप्पट किंवा अडीचपट पाणी मिसळून मोजतात. त्या पातळ द्रावणाचा आकडा स्वाभाविकच बराच कमी येतो. अहवालात १.५ पाहून निश्चिंत झालेल्या माणसाची जमीन प्रत्यक्षात मक्याला बाधण्याइतकी खारवट असू शकते. मोजणी कोणत्या पद्धतीने केली हे विचारल्याशिवाय क्षारांचा आकडा वाचूच नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

चोपण जमिनीची अडचण वेगळी आहे. तिच्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटलेले असते, त्यामुळे कणांची घडण मोडते, माती ओली असताना लगदा आणि वाळली की विटेसारखी होते. म्हणजे रासायनिक कारणाने पुन्हा वाफशाचाच प्रश्न उभा राहतो.

सामू, म्हणजे मातीची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा आकडा, मक्यासाठी साधारण ५.८ ते ७ असावा. सामूची मोजपट्टी साधी नसते: ६ वरून ५ वर येणे म्हणजे आम्लता दहापट होणे. सामू ५.५ च्या खाली गेला, की मातीतले ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि मुळांची टोके जाडजूड होऊन खुंटतात. वरून पाहता पीक फक्त ‘तहानलेले’ दिसते. दुसऱ्या टोकाला, चुनखडीच्या आणि सामू ८ च्या आसपास असलेल्या जमिनीत जस्त असूनही मिळत नाही. मका जस्ताच्या कमतरतेला इतका संवेदनशील आहे, की कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना उमटणारे पांढुरके पट्टे पाहून अनुभवी माणूस जमिनीची कल्पना करू शकतो.

अन्नद्रव्ये या यादीत मागे का?

मका खादाड पीक आहे, हे सर्वश्रुत आहे. एक टन धान्याबरोबर साधारण १५ किलो नत्र शेताबाहेर जाते. असे असूनही योग्यता ठरवताना आजच्या नत्र-स्फुरद-पालाशाच्या पातळीला तुलनेने कमी वजन दिले जाते, आणि याचे अनेकांना आश्चर्य वाटते. कारण सरळ आहे. घराची पाहणी करताना आपण भिंतीच्या रंगापेक्षा पाया आणि छप्पर आधी पाहतो, कारण रंग एका आठवड्यात बदलता येतो. नत्राची कमतरता एका हंगामात भरून निघते. खडक ३० सेंटीमीटरवर असेल, तर तो तेथेच राहणार. त्यामुळे मूल्यमापनात मातीची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता आणि सेंद्रिय कर्ब यांना महत्त्व असते, आजच्या शिलकीला कमी.

उताराचे कारण मात्र मक्याच्या लागवडीच्या पद्धतीत आहे. दोन ओळींतले अंतर मोठे, आणि पहिल्या काही आठवड्यांत पानांची सावली जवळपास नाहीच. त्यामुळे उघड्या मातीवर पावसाचे थेंब थेट आदळतात. जो उतार गवताखाली शतकानुशतके टिकला, तो मक्याखाली काही दशकांत वरचा थर गमावू शकतो. १९७६ च्या आराखड्यात ‘टिकाऊ वापर’ ही अट आहे ती याचसाठी. यंदा उत्तम पीक देणारी पण दरवर्षी माती गमावणारी जमीन पहिल्या वर्गात बसत नाही.

सरासरी का फसवते?

इतके सगळे गुण मोजले, आता त्यांचा एक आकडा कसा करायचा? सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सरासरी, आणि नेमका तोच सर्वांत चुकीचा. समजा, एका जमिनीला पोतासाठी ९५, खोलीसाठी ८०, क्षारांसाठी ६५, सामूसाठी ९५ आणि उतारासाठी १०० गुण मिळाले. सरासरी येते ८७. जमीन पहिल्या वर्गात. पण मका काही सपाट उतारावर खूश होऊन क्षारांची भरपाई करत नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकी असते, तसे पीक सर्वांत अपुऱ्या गोष्टीपाशी अडते. एकोणिसाव्या शतकात आधी कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि मग युस्टुस फॉन लिबिग यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला ‘न्यूनतमाचा नियम’ तो हाच.

म्हणून काही पद्धती फक्त सर्वांत कमी गुण घेतात: ६५. दुसऱ्या पद्धतीत सगळे गुण टक्केवारी म्हणून एकमेकांनी गुणतात. कॅलिफोर्नियात १९३३ मध्ये मांडला गेलेला स्टोरी निर्देशांक या वळणाचा आहे. आपल्या उदाहरणात गुणाकार येतो सुमारे ४७. तिसरी पद्धत दोहोंच्या मधली: सर्वांत कमी गुणाला उरलेल्या गुणांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने गुणायचे. तिने उत्तर येते सुमारे ५५. आता प्रचलित विभागणीप्रमाणे ७५ च्या वर पहिला वर्ग, ५० ते ७५ दुसरा, २५ ते ५० तिसरा आणि त्याखाली अयोग्य असे धरले, तर तीच जमीन, तीच मोजमापे, पण सरासरीने पहिल्या वर्गात, दोन पद्धतींनी दुसऱ्या आणि गुणाकाराने तिसऱ्या वर्गात जाते. नकाशावर तिचा रंग बदलतो, आणि मातीचा एक कणही हललेला नसतो.

याचा अर्थ सगळे मनमानी आहे असा मात्र नाही. सरासरी सोडली, तर उरलेल्या तिन्ही पद्धती एकच गोष्ट ओरडून सांगत आहेत: अडचण क्षारांची आहे. माझ्या मते वर्गापेक्षा हे वाक्य अधिक मोलाचे आहे. म्हणूनच आराखड्यात वर्गाच्या आकड्यापुढे अडचणीचे अक्षर जोडण्याची सोय आहे. एस३ म्हणजे कशीबशी योग्य, आणि पुढचे अक्षर सांगते की पाण्यामुळे, उतारामुळे, की क्षारांमुळे. ज्या नकाशावर ते अक्षर गाळलेले असते, तो निदान लपवून फक्त ‘आजारी’ असे सांगणाऱ्या अहवालासारखा असतो.

एन या गटाचेही दोन भाग आहेत, आणि ते सर्रास एकत्र वाचले जातात. एन१ म्हणजे आज, माहीत असलेल्या उपायांनी परवडेल अशा खर्चात योग्य करता येत नाही अशी जमीन. एन२ म्हणजे कायमची अयोग्य. पहिल्यात दार लोटलेले आहे, दुसऱ्यात भिंत आहे.

सीमारेषांबद्दलही लोकांना रास्त शंका असते: सामू ५.४९ असला तर खालचा वर्ग आणि ५.५१ असला तर वरचा, हे कसे? लॉत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘फझी’ संचांच्या कल्पनेचा उपयोग येथे होतो. तीनुसार जमीन एखाद्या वर्गात ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे न म्हणता ती ‘इतक्या अंशाने आहे’ असे म्हणतात, जसे संध्याकाळ होताना दिवस एका क्षणी संपत नाही. अलीकडचे बरेच संगणकीय नकाशे ही कल्पना वापरतात.

आयोवाचे उदाहरण

मक्यासाठी जमिनीला गुण देण्याची गोष्ट अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जितकी दैनंदिन व्यवहारात उतरली आहे, तितकी क्वचितच कोठे उतरली असेल. तेथे १९७१ पासून ‘कॉर्न सूटॅबिलिटी रेटिंग’ नावाचा निर्देशांक वापरला जातो. राज्यातल्या प्रत्येक नोंदलेल्या मृदाप्रकाराला ५ ते १०० पर्यंत गुण दिलेले आहेत. शेतात तीन प्रकारच्या माती असतील, तर त्यांच्या क्षेत्राच्या प्रमाणात गुण मिसळून पूर्ण शेताचा आकडा काढतात. २०१३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात मृदाप्रकाराच्या मूळ गुणांतून कणांचे आकारमान, पाणी धरण्याची क्षमता, शेतातली स्थिती म्हणजे उतार, धूप व पाणी साचणे, आणि मातीची खोली यांसाठी गुण वजा करत जातात. शेवटी तज्ज्ञांच्या निर्णयाने थोडी भर किंवा घट करण्याची उघड तरतूद आहे. सूत्रात न मावणाऱ्या गोष्टी असतात हे लपवण्याऐवजी त्यांना सूत्रातच जागा देणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

हे गुण जमिनीच्या करआकारणीत, खंड ठरवताना आणि खरेदी-विक्रीत वापरले जातात. आणि येथेच त्यामागची गृहीतके वाचणे निर्णायक ठरते. मूळ निर्देशांकात असे धरले होते, की व्यवस्थापन चांगले आहे, सिंचन नाही, आणि जेथे गरज आहे तेथे कृत्रिम निचरा आधीच बसवलेला आहे. या शेवटच्या गृहीतकाला मोठा इतिहास आहे. उत्तर-मध्य आयोवाचा सपाट पट्टा हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या मातीचा असून युरोपीय वंशाचे वसाहतकार तेथे आले तेव्हा त्याचा मोठा भाग ओलसर गवताळ पाणथळ होता. जमिनीखाली नळ्यांचे जाळे टाकून ते पाणी काढून दिल्यावर तीच काळी, सेंद्रिय कर्बाने समृद्ध माती जगातल्या सर्वोत्तम मका-जमिनींत गणली जाऊ लागली. ती जमीन ‘मुळात योग्य’ होती का? आहे त्या स्थितीत, नव्हती. सुधारल्यावर, उत्कृष्ट. आराखड्यात यासाठी ‘सद्य योग्यता’ आणि ‘संभाव्य योग्यता’ असे दोन वेगळे शब्द आहेत. कोणताही आकडा पाहताना तो या दोहोंपैकी कोणता, हे आधी विचारावे. शिवाय त्या नळ्यांतून नायट्रेटही नद्यांकडे वाहून जाते. सुधारणेची किंमत शेताच्या बांधापलीकडेही मोजावी लागते, आणि ती निर्देशांकात दिसत नाही.

‘भरपूर खत-पाणी दिले, तर कोणतीही जमीन चालते’

काही प्रमाणात हे खरे आहे, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. वाळूसर जमिनीत ठिबकने रोज पाणी व खत देऊन मका उत्तम येतो. पण योग्यता म्हणजे पीक उगवणे नव्हे. मिळालेल्या उत्पादनाने त्यासाठी केलेला खर्च भरून निघणे, आणि तेही दरवर्षी. एस१ आणि एस३ जमिनींत एकाच कुशल हाताने सारखेच उत्पादन काढले, तरी एस३ मध्ये त्यासाठी अधिक पाणी, अधिक खत आणि अधिक जोखीम लागते. वर्गांमधला फरक बहुतेक वेळा कोरड्या वर्षी उघडा पडतो. चांगल्या वर्षी सगळ्याच जमिनी शहाण्या दिसतात.

‘माती परीक्षण केले आहे, मग हे वेगळे कशाला?’

नेहमीचे माती परीक्षण वरच्या १५ ते २० सेंटीमीटर थराचे असते आणि ते एका प्रश्नाचे उत्तर देते: यंदा कोणते खत किती घालावे? योग्यतेचे मूल्यमापन मीटर-दीड मीटर खोलीपर्यंत पाहते आणि विचारते: येथे मका घ्यावा का, आणि घेतला तर काय आडवे येईल? रक्ताची तपासणी आणि सांगाड्याची क्ष-किरण तपासणी यांत जसा फरक आहे, तसाच हा. दोन्ही हव्यात, एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

‘उपग्रहाचा नकाशा असताना खड्डा कशाला खणायचा?’

मला हा आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो, कारण नकाशे फार आकर्षक झाले आहेत. उपग्रह पृष्ठभाग पाहतो: वनस्पतींचा हिरवेपणा, वरच्या मातीचा रंग आणि ओल. साठ सेंटीमीटरवरचा कठीण थर तो पाहू शकत नाही. तो थर आसपासच्या मोजक्या खड्ड्यांवरून आणि भूरचनेवरून अंदाजाने भरलेला असतो. शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहेच. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. त्या एका सेंटीमीटरच्या चौकोनात सव्वासहाशे हेक्टर मावतात, आणि त्यात टेकडीचा माथा, उतार आणि ओढ्याकाठची गाळाची जमीन, तिन्ही असू शकतात. असा नकाशा एखाद्या प्रदेशाचे धोरण ठरवायला ठीक आहे. त्यावरून एका शेताचा निर्णय घेणे म्हणजे शहराच्या सरासरी तापमानावरून एका माणसाचा ताप ओळखणे.

ज्याला स्वतःच्या शेताचे उत्तर हवे आहे, त्याने शेताच्या वेगवेगळ्या दिसणाऱ्या भागांत एकेक खड्डा घ्यावा, जमल्यास मीटरभर खोल. खड्ड्याची एक बाजू चाकूने खरवडून ताजी करावी. मागच्या पिकाची मुळे कोठपर्यंत सरळ गेली आणि कोठे आडवी वळली, ते पाहावे. आडवी वळली तेथे घट्ट थर आहे. प्रत्येक थरातली मूठभर ओली माती अंगठा आणि बोटांमध्ये दाबून तिची फीत करून पाहावी: फीत होतच नसेल तर वाळूसर, आखूड होऊन तुटत असेल तर पोयटा, लांब आणि चकचकीत होत असेल तर चिकण. सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहिले, की चुनखडी कोणत्या थरात आहे ते कळते. वरच्या आणि खालच्या थरांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरून सामू, क्षार आणि सोडियम यांसाठी पाठवावेत, आणि क्षार कोणत्या पद्धतीने मोजले ते अहवालावर लिहून मागावे. आणि खड्डा बुजवण्यापूर्वी करड्या मातीतले तांबूस ठिपके कोठून सुरू होतात ते पट्टीने मोजून, ती खोली त्या जागेच्या नावासह वहीत टिपून ठेवावी.